बिरूतात्यांची न वाजणारी बोट

बिरूतात्यांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्यांचं अर्धं डोकं हौदात होतं.

माझी रहिमतपूरच्या हायस्कूलमध्ये बदली झाली होती आणि मी भाड्याची खोली शोधत होते. कुणीतरी सांगितलेलं घर सापडलं. पुढचं दार उघडंच होतं. हाका मारल्या, कुणी ओ देईना, म्हणून बोळातून परसात गेले. तिथं सिमेंटचा मोठा हौद. कठड्यावर पांढरी टोपी आणि चष्मा नीट मांडून ठेवलेला, आणि शेजारी पायजमा-बंडीतला एक म्हातारा कमरेत वाकून, उजवा गाल पाण्यात बुडवून, अगदी निश्चल. मला वाटलं, संपलं सगळं. मी किंचाळले. त्यावर त्या देहानं डोकं न हलवता एक हात वर केला आणि बोटानं मला गप्प राहायची खूण केली.

थोड्या वेळानं डोकं बाहेर आलं. एका पायावर चार-दोन उड्या मारून कानातलं पाणी काढलं गेलं. टोपी चढली, चष्मा चढला.

“गेलं,” ते हळहळून म्हणाले. “आत्ता धरलं हुतं, गेलं.”

“काय गेलं?”

“आवाज वो. शाफ्टाचा. वरनं सापडत न्हाई, पान्यात कान घातला की बरोबर सापडतो.” हौदाच्या दुसऱ्या टोकाला हातभर लांबीची एक लाल बोट उभी होती. तात्यांच्या हातात रिमोट होता. “तुमी कोन?”

“मी खोली बघायला आलेय.”

“दोन्ही कान चालत्यात?”

“चालतात की.”

“मग ऱ्हावा.”

अशी मला खोली मिळाली. लोक भाडेकरूला नोकरी विचारतात, जात विचारतात, स्वयंपाकात काय काय शिजतं ते विचारतात. तात्यांनी फक्त कान विचारले. त्यांचा स्वतःचा डावा कान जवळजवळ गेलेला होता. सारी नोकरी एसटीच्या ड्रायव्हरच्या सीटवर गेली, आणि इंजिन डाव्या हाताला. “डावा कान सरकारजमा झाला,” असं ते सांगायचे, आणि त्यात तक्रारीचा सूर नसायचा. उजवा कान शाबूत होता, पण एका कानाच्या साक्षीवर तात्यांचा विश्वास नव्हता. म्हणून दुसरी साक्ष माझी.

तात्या मूळचे माण तालुक्यातले, दहिवडीच्या बाजूचे. वडील मेंढरं घेऊन वर्षातले कितीतरी महिने मुलखाबाहेर. गावात पाणी दिसायचं ते घागरीत किंवा टँकरच्या तोटीला. तात्यांना पोहता येत नाही. गुडघ्याच्या वरचं पाणी आपण फक्त फोटोत बघितलंय, असं ते बिनदिक्कत सांगतात. अशा माणसानं म्हातारपणी बोटीच्या नादाला लागावं, याचं काकूंना, म्हणजे त्यांच्या बायकोला, आजवर कोडं सुटलेलं नव्हतं.

“आमच्या गावाकडं प्यायला टँकर,” काकू मला म्हणाल्या, “आन् ह्यांला खेळायला बोट पायजे. कुनाला सांगायची बी चोरी.”

सुरुवात नातवाच्या खेळण्यापासून झाली. मुंबईचा नातू सुट्टीला आला आणि जाताना रिमोटची एक बोट विसरून गेला. ती बोट स्वस्तातली. तिला दोनच गोष्टी येत होत्या, उभं राहणं आणि उधळणं. बटण दाबलं की हौदाच्या या भिंतीवरून त्या भिंतीवर जाऊन आदळायची. तात्यांनी ती एकदाच चालवली आणि त्यांना एखाद्यानं तोंडावर शिवी द्यावी तसं झालं.

“ही काय सुटायची रीत झाली?” ते म्हणाले. “गाडी सुटली ह्ये पाशिंजराला कळताच कामा नये. झाडं मागं जाय लागली की मग त्यानं म्हनावं, आरं, सुटली वाटतं.”

हे त्यांचं ड्रायव्हर म्हणून असलेलं एकमेव तत्त्वज्ञान. मधे वेगात काय करायचं ते करा, पण सुटताना आणि थांबताना माणूस हलला नाही पाहिजे. हे तत्त्वज्ञान ते स्वतःपुरतं ठेवत नसत. माझ्या स्कूटीवर मागं बसले की गिअर नसलेल्या गाडीलाही ते “हळू, हळू, सोडा आता” असं करत खांद्यावर थाप मारायचे. वाण्याच्या दुकानातला पोऱ्या पोतं धपकन टाकायचा, तर तात्या त्याला थांबवून पोतं कसं टेकवायचं ते दाखवायचे. काकूंनी ताट आपटलं तर मात्र काही बोलत नसत. तिथं त्यांचं तत्त्वज्ञान थांबायचं.

तर त्या खेळण्याच्या बोटीतून तात्यांचं पुढचं सगळं निघालं. नवी बोट त्यांनी फायबरची केली. मोटार सांगलीहून आणली. आणि मग सापडला तो स्पीड कंट्रोलर, म्हणजे बॅटरी आणि मोटार यांच्या मधे बसणारा, रिमोटची कांडी जितकी सरकेल तितकीच वीज पुढं सोडणारा काडेपेटीएवढा डबा. तात्या त्याला नुसतं ‘कंट्रोल’ म्हणत. त्यांच्या मते मनुष्यजातीनं लावलेला हा सगळ्यात शहाणा शोध होता.

“बाई, हा हाय क्लच. आन् हाच हाय अॅक्सिलेटर. आन् ह्याला पाय लागत न्हाई.”

पण कंट्रोलनं नवं दुखणं आणलं. बोट आता गोगलगाईसारखी हळू सुटायची, पण सुटताना कुईं करायची. वेगात गेली की कुईं नाहीशी व्हायची, हळू केली की परत हजर. आधीचे आवाज तात्यांनी एकेक करून मारले होते. खरखर यायची ती शाफ्टाच्या, म्हणजे मोटारीचं फिरणं पंख्यापर्यंत नेणाऱ्या दांड्याच्या, नळीत ग्रीस भरून घालवली. टकटक यायची ती मोटार आणि शाफ्ट यांची रेघ एक करून घालवली. मोटारीखाली सायकलच्या ट्यूबचा तुकडा घातला, तेव्हा बोटीचं अंग घुमायचं थांबलं. पंखा बदलून मोठा घेतला, म्हणजे तो सावकाश फिरला तरी चालेल. एवढं सगळं करून परसात अशी शांतता झाली की कुईं आणखीच स्पष्ट ऐकू यायला लागली.

त्या दिवसांत संध्याकाळी पेपर तपासायला बसले की खालून हाक ठरलेली.

“बाई, जरा कान द्या.”

मी कठड्याशी जाऊन उभी राहायची. तात्या कांडी केसभर सरकवायचे.

“येतंय?”

“येतंय.”

“कसं येतंय?”

“डास कानाशी आल्यासारखं.”

तात्यांचा चेहरा पडायचा. काल मी ‘मांजराच्या पिल्लासारखं’ म्हणाले होते. डास म्हणजे प्रगती की अधोगती, यावर मग आमची चर्चा व्हायची. घरात त्या वेळी मिक्सर बंद, टीव्ही बंद, आणि काकू स्वयंपाकघरात हातावर हात ठेवून बसलेल्या. “पोरं झोपवली तवा एवढं गप बसवलं न्हाई कुनी मला,” त्या म्हणायच्या.

मला त्या ध्यासाचं नवल वाटायचं ते वेगळ्या कारणानं. बोट हळू आणि न वाजता चालली, तर पुढं काय? कुणाला दाखवायची? गल्लीतल्या पोरांना ती आवडत नव्हती, कारण ती काहीच करत नव्हती. विचारलं तर तात्या एवढंच म्हणायचे, “मास्तरला जमाय पायजे.”

हे मास्तर त्यांच्या बोलण्यात सारखे यायचे. कांडी जड लागली, “मास्तरला न्हाई जमायचं.” रिमोट बदलला, “हा मास्तरच्या हातात बसंल.” कुंडलला राहतात, एवढं कळलं होतं. मी शाळेतली, त्यामुळं मास्तर म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढं एक निवृत्त विज्ञानशिक्षक उभे राहिले. खडूस, काटेकोर, तात्यांचं काम तपासून शेरा देणारे. मला त्यांचा थोडा रागच यायला लागला होता.

कुईंचं औषध सांगलीला मिळालं. कृष्णेच्या पुरात होड्यांच्या शर्यतींना जीव टाकणारा तो मुलूख. तिथल्या काही हौशी तरुण मंडळींनी गावाबाहेरच्या एका शेततळ्यावर रिमोटच्या बोटींची शर्यत ठेवली होती. तात्या निघाले. रविवार होता, मीही गेले.

तळ्यावर नुसता कालवा. बोटी कसल्या, पाण्यावर उडणाऱ्या सुऱ्या होत्या. त्या एका टोकाला दिसायच्या आणि बघेपर्यंत दुसऱ्या टोकाला प्लॅस्टिकच्या कडेवर चढून उलट्या पडलेल्या असायच्या. पोरं शिट्ट्या मारत होती. तात्यांनी आपली लाल बोट पाण्यात सोडली, चहाच्या टपरीवरून काठोकाठ भरलेला एक कप मागवला आणि तो बशीसकट बोटीवर ठेवला. माइकवाल्या पोराला वाटलं, आजोबा विसरून ठेवतायत.

“आजोबा, कप राहिला वर!”

“ऱ्हाऊ दे.”

शर्यत सुरू झाली आणि संपली. नंबर लागले, हारतुरे झाले, फोटो निघाले. तात्यांची बोट तळ्याच्या मध्यावर होती. माइकवाल्यानं दोनदा आठवण केली, मग नाद सोडला. लोक आधी हसले, मग कंटाळले, मग का कोण जाणे, बघत उभे राहिले. बोट आली, काठाशी थांबली, कुठं थांबली ते कळलंही नाही. तात्यांनी कप उचलला, बशीत बघितलं, थेंब नव्हता, आणि चहा पिऊन टाकला.

“गार झाला,” ते म्हणाले.

पहिला नंबर आलेला चष्मेवाला पोरगा जवळ आला. मला वाटलं, थट्टा करणार. पण त्यानं वाकून बोट ऐकली आणि म्हणाला, “काका, हळू चालवताना शिट्टी येते ना?” तात्यांनी त्याचा हातच धरला. पोरानं खाली बसून समजावून सांगितलं. कंट्रोल मोटारीला वीज सलग देत नाही, तुकडे करून देतो. क्षणात कित्येक वेळा चालू, कित्येक वेळा बंद. ते तुकडे जाडेभरडे असले की मोटार त्या तालावर शिट्टी घालते. तुकडे फार बारीक करणारा कंट्रोल घेतला की शिट्टी माणसाच्या कानाच्या पलीकडं जाते.

“म्हंजी भरडा हाय तो मैदा करायचा,” तात्या म्हणाले.

पोरगा हसला. “तसंच. थोडा जास्त तापेल, पण तुम्ही हळूच चालवता, काही होणार नाही.” त्यानं कंट्रोलचं नाव सांगितलं, कुठं मिळेल तेही सांगितलं. आणखीही एक गोष्ट तात्यांनी त्याला बाजूला नेऊन विचारली. काय विचारलं ते मला ऐकू आलं नाही, पण पोरगा एकदम गंभीर झाला आणि त्यानं तात्यांचा रिमोट घेऊन बराच वेळ त्यातली सेटिंगं बदलली.

घरी आल्यावर काकूंनी दारातच विचारलं, “कितवा नंबर?”

“शेवटचा.”

“मग हसतायसा कशापायी?”

“आली कवा ते कुनाला कळलंच न्हाई,” तात्या म्हणाले.

नवा कंट्रोल बसला. हौदाच्या कठड्याशी उभं राहून मी कान दिला, काठावर ओणवी होऊन दिला, शेवटी तात्यांच्या आग्रहास्तव एक कान पाण्यातही घातला. पंखा पाणी कापत होता तेवढंच, वाळूवरून कापड ओढल्यासारखं. वर काही नाही. मी तसं सांगितलं. तात्यांनी मला तीनतीनदा विचारून घेतलं. मग म्हणाले, “आता कुंडलला यायचं तुमी. मास्तरकडं.”

“मी कशाला?”

“तितं बी ऐकाय लागंल की. माझ्या एकट्याच्या कानाचं काय खरं?”

कऱ्हाडला गाडी बदलून आम्ही निघालो. बोट तात्यांनी काकूंच्या जुन्या शालीत गुंडाळून मांडीवर घेतली होती. एका बाईनं जागा करून दिली आणि शालीचा पदर सरकवून बाळाचं तोंड बघायला गेली. आतून लाल फायबर निघालं. त्या बाईनं कुंडलपर्यंत आमच्याकडं पाहिलं नाही. तात्यांचं लक्ष तिकडं नव्हतंच. ते पुढच्या ड्रायव्हरचे पाय ऐकत होते, आणि दर थांब्याला मला सांगत होते, “तापट हाय. पन शिकंल.”

मास्तरांचं घर द्राक्षबागेच्या कडेला होतं. मुलगा-सून बागेत होते. अंगणात लिंबाखाली बाजेवर एक थोराड माणूस बसला होता. खांदे मोठे, हात मोठे, पण चेहरा असा, जणू सगळे भाव कुणीतरी पुसून घेतलेत. उजव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर सारखी घासत होती, तिकीट फाडावं तशी. ती थांबत नव्हती. आणि मला तेव्हा लख्ख कळलं की हे मास्तर शाळेचे नव्हेत. एसटीत ड्रायव्हर कंडक्टरला मास्तर म्हणतो. हे म्हादू मास्तर, तात्यांचे कंडक्टर. ड्युट्या बदलल्या तरी मागून घेऊन दोघं एकाच गाडीवर राहिले होते.

कंपवातानं हात गेला होता, आता आवाज चालला होता. सून पाणी घेऊन आली तेव्हा म्हणाली, “एके काळी मामांनी ‘पुढं सरका’ म्हटलं की पलीकडच्या थांब्यावरची माणसं सरकायची. आता जेवायला काय हवं ते बी कळत न्हाई वो. तोंड हलतंय, बाहेर काय येत न्हाई.”

बागेपलीकडं त्यांचं शेततळं होतं. तात्यांनी आणि मास्तरांच्या मुलानं मिळून त्यांना तिथं नेलं, खुर्चीत बसवलं. तात्यांनी शाल सोडली, बोट पाण्यात ठेवली आणि रिमोट मास्तरांच्या हातात दिला.

मास्तरांनी तो परत केला. ओठ हलले. तात्यांनी उजवा कान त्यांच्या तोंडाशी नेला.

“हात बघतोयस न्हवं माझा?” मास्तर म्हणत होते.

“बघतोय. धर तर.”

“आपटंल.”

“आपटू दे. तुझ्या बाची हाय का? धर.”

मास्तरांनी धरला. अंगठा कांडीवर गेला आणि कांडी थरथरायला लागली, पुढं-मागं, पुढं-मागं. नातवाची ती पहिली खेळण्यातली बोट असती तर उधळून उलटी झाली असती. ही बोट मात्र आधी जागची हलली नाही, मग इतकी सावकाश निघाली की मला काठावरचा एक खडा खुणेला धरून ती हलतेय याची खात्री करावी लागली. अंगठा नाचत होता, बोट सरळ चालली होती. सांगलीच्या त्या पोराला बाजूला नेऊन तात्यांनी हेच विचारलं होतं. हात कितीही हलला तरी बोटीनं ते मनावर न घेता, कांडीचा एकूण कल बघून तेवढंच चालायचं, असं काही करता येतं का?

मास्तर बराच वेळ बघत राहिले. मग त्यांनी तात्यांकडं संशयानं पाहिलं. ओठ हलले. तात्या मोठ्यानं हसले.

“काय म्हणतायत?” मी विचारलं.

“म्हनतोय, दुसरा रिमोट कुठं दडवलायस?”

तात्यांनी दोन्ही खिसे उलटे करून दाखवले. तंबाखूची पिशवी निघाली, रुमाल निघाला, चष्म्याचं घर निघालं. मास्तरांनी खुणेनं बंडीचा आतला खिसाही बघायला लावला. साऱ्या नोकरीत फुकट्या प्रवाशांची झडती घेतलेला माणूस, सहजी ऐकणार नव्हता. मग माझ्याकडं वळले. मीही दोन्ही हात उघडे करून दाखवले, पर्स उघडून दाखवली. तेव्हा कुठं त्यांची खात्री पटली. त्यांनी कांडी डावीकडं केली. बोट डावीकडं वळली.

त्या दुपारी मास्तरांनी किती फेऱ्या मारल्या मला माहीत नाही. वारा नव्हता. तळ्यावर इतकं शांत होतं की बागेत कात्री चालल्याचा आवाज येत होता. तात्या मास्तरांच्या पायाशी, उजवा कान त्यांच्याकडं करून बसले होते, आणि मास्तर बोलत होते. मला त्यातलं तुटक तुटक कळत होतं. सुनेच्या हातची आमटी. कधीतरी घाटात बंद पडलेली गाडी. एका मुक्कामाच्या गावात दोघांनी मिळून खाल्लेला, कुणाच्या तरी लग्नाचा उरलेला बुंदीचा लाडू. मधेच त्यांनी काहीतरी विचारलं आणि उत्तराची वाट बघत बोट थांबवली.

“बिऱ्या, मी घंटी लय जोरात मारायचो. तुला राग यायचा का रं?”

“लय यायचा.”

“मग बोलला का न्हाईस कवा?”

“बोललो असतो तर तुला ऐकू आलं असतं व्हय?”

मास्तरांचा चेहरा हलत नव्हता, पण खांदे हलले. ते हसत होते.

परतीच्या बसमध्ये तात्यांनी बोट परत मांडीवर घेतली. कऱ्हाडच्या अलीकडं त्यांनी एकदम बोलायला सुरुवात केली. बसमध्ये त्यांना हळू बोलता येत नाही. इंजिनच्या वरताण बोलायची सवय. त्यामुळं त्यांनी जे फक्त मला सांगितलं, ते सगळ्या बसनं ऐकलं.

“बाई, सारी नोकरी आमी एका गाडीवर काढली. पन बोलनं झालंच न्हाई वो. त्यो मागं, मी पुढं, मधी इंजन. त्यो घंटी डबल मारायचा, मी सुटायचो. सिंगल मारायचा, मी थांबायचो. मुक्कामाला पोचलो की मी आडवा व्हायचो, त्यो हिशेब करत बसायचा. मला वाटायचं, रिटायर झालो की बसू निवांत, बोलू. आन् रिटायर झालो तर त्याचा आवाजच जाय लागला. डागदर म्हनला, औशदानं हात जरा थांबंल, आवाज काय ऱ्हायचा न्हाई. घरात बसावं तर टीव्ही, बागंत बसावं तर फवारनीचा टॅक्टर. ह्या माझ्या एका कानानं मी ऐकू कसं? आन् मोकळ्या हातानं बसला की त्यो बोलतच न्हाई, हाताकडं बघत बसतोय. त्याला कायतरी चालवाय पायजे हुतं. पन त्ये वाजून चाललं नसतं.”

पुढच्या सीटवरचा एक माणूस वळून बघत होता, तो परत पुढं वळला.

तात्या मग दर आठवड्याला कुंडलला जायला लागले. परसातला हौद सुना झाला, मला संध्याकाळी पेपर तपासायला वेळ मिळायला लागला. शाल काकूंनी धुऊन, घडी घालून, ते निघायच्या वेळेला दारात ठेवलेली असायची. मला इथून जे दिसायचं नाही, नुसतं तात्यांकडून कळायचं, ते एवढंच की मास्तरांचा अंगठा मंद होत चालला होता. तात्या येऊन सेटिंग आणखी हलकं करायचे. आधी कांडी सरकवायला लागायची, मग नुसतं टेकलं तरी पुरायला लागलं. नंतर अंगठा कांडीवर टिकेना. मग रिमोट तात्या स्वतःच धरायला लागले आणि मास्तर डोळ्यांनी सांगायचे, डावीकडं, उजवीकडं, थांब.

एका रविवारी ते कुंडलहून परतले तेव्हा मी काकूंबरोबर स्वयंपाकघरात होते. तात्यांनी बोट कोपऱ्यात ठेवली, हातपाय धुतले आणि पाटावर येऊन बसले.

“काय म्हणाले मास्तर?” मी विचारलं.

“काय न्हाई. आता तोंड बी हलत न्हाई त्याचं.”

काकूंनी ताट वाढता वाढता विचारलं, “मग दिसभर काय केलंसा तितं?”

“बसलो. बोट फिरवली. ऐकलं.”

“आवं, त्यो बोलतच न्हाई म्हनताय, मग ऐकलं काय?”

तात्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

“श्वास घेतोय की त्यो,” ते म्हणाले. “बरोबर ऐकू येतोय. बोट मधी येत न्हाई.”

काकूंनी तव्यावरची भाकरी उतरवून तात्यांच्या ताटात घातली, त्यांच्या पाठीवर क्षणभर हात ठेवला, आणि दुसरी थापायला घेतली.